तिसऱ्या रांगेतली जागा

प्रिय धाकटे,

आईचा गुडघा आता बरा आहे. काठी टेकत ती फाटकापर्यंत जाते आणि येताना शेजारपाजारच्या सगळ्या बातम्या घेऊन येते. तुझी वहिनी म्हणते, पाय दुखत होता तेव्हा निदान बातम्या तरी उशिरा कळायच्या. तू आईला फोन करतेस हे मला ठाऊक आहे. मी घरात नसण्याची वेळ तू नेमकी साधतेस, हेही ठाऊक आहे. आईला लपवाछपवी कधी जमलीच नाही. तुझा फोन येऊन गेला असला की मी घरात शिरताच ती उगाच हवापाण्यावर बोलायला लागते.

परवा मात्र तिने सरळ विचारलं, 'एकाच इमारतीत कामाला जाता, एकाच दारातून आत शिरता, आणि तोंडं मात्र दोन दिशांना. हे कसलं काम?' मी तिला समजावलं की दार एक असलं तरी सभागृहं दोन आहेत. 'वरचं' आणि 'खालचं' ही नुसती म्हणायची रीत, खरं तर मधल्या चौकाच्या एका अंगाला तुम्ही आणि दुसऱ्या अंगाला आम्ही. तुम्हाला लोक थेट निवडून देतात, आम्हाला प्रांत पाठवतात. तुमच्याकडे माणसं जास्त आणि आवाज त्याहून जास्त. आमच्याकडे मोठ्या प्रांताचे जितके सदस्य तितकेच चिमुकल्या प्रांताचे. तुम्ही मंजूर केलेलं विधेयक आमच्याकडे येतं आणि आम्ही ते पुन्हा पारखून घेतो. 'म्हणजे एकदा तापवलेलं दूध पुन्हा तापवायचं,' आई म्हणाली. 'आणि उतू गेलं तर?' मी म्हटलं, ते जाऊ नये म्हणून तर मला सभापती करून तिथे बसवलंय. त्यावर ती शांतपणे म्हणाली, 'तू तर चूलच विझवून टाकलीस.'

बाबा गेले तेव्हा तू इतकी लहान होतीस की तुला त्यांचा चेहरा फोटोतूनच आठवत असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण तुला त्या ट्रकमालकाचं वाक्य आठवत होतं. बाबांचा ट्रक भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर, सरळ खड्ड्यात गेला. आदल्या दिवसापासून ते सलग गाडी चालवत होते, कारण एक माल उतरवला तोवर मालकाने दुसरा भरून ठेवला होता. बाबांचा डबा आणि घोंगडी परत करायला तो घरी आला आणि दारातच म्हणाला, 'गाडी चालवणाऱ्याने जागं राहायला नको का?' तू दाराआड उभी होतीस. चालकांच्या सक्तीच्या विश्रांतीचं तुझं सगळं विधेयक त्या एका वाक्यातून उगवलंय, हे मी सभागृहात कधी बोलू शकलो नाही. तू समितीत किती वर्षं घासलीस, रस्त्याकडेच्या किती धाब्यांवर बसून चालकांना बोलतं केलंस, विरोधकांच्या किती वेळा नाकदुऱ्या काढल्यास, ते मी लांबून पाहत होतो. तुमच्याकडे ते मंजूर झालं तेव्हा बाकं वाजवल्याचा आवाज मधला चौक ओलांडून आमच्याकडे आला. मी त्या वेळी कुणाला तरी 'शांत राहा' म्हणत होतो. मनात मात्र मीही बाक वाजवला.

आमच्याकडे त्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण माझ्या जागेवरून ते कसं दिसलं हे तुला ठाऊक नाही. मी सभापती झालो त्या दिवशी पक्ष सोडला. तेव्हापासून पक्षाच्या बैठका नाहीत, जुन्या मित्रांबरोबर जेवण नाही, आणि मत तर नाहीच. लोक समजतात की उंच खुर्चीवरचा माणूस सभागृह चालवतो. खरं तर तो फक्त प्रत्येकाला बोलायला मिळेल आणि कुणी कुणाला ओरडून गप्प बसवणार नाही, एवढंच बघतो. तुझ्या विधेयकाला विरोध करणारे काही राक्षस नव्हते. आमच्याकडचा तो डोंगरी प्रांताचा सदस्य, बियाणेवाला, तुला आठवत असेल. तो म्हणाला, 'आमच्याकडे एकच रस्ता, मिठापासून औषधापर्यंत सगळं ट्रकने येतं. चालक वाटेत झोपायचा म्हटला तर झोपेल कुठे? वर जागा तरी आहे का? आणि उशिराचा भुर्दंड माझ्या लोकांनीच सोसायचा?' त्याचं बोलणं खोटं नव्हतं. मधला मार्ग निघाला असता, पण दोन्हीकडचे प्रतोद हट्टाला पेटले होते. आपापल्या सदस्यांना त्यांनी दाव्याला बांधलं होतं.

मतं मोजली तर दोन्ही बाजू समसमान. अशा वेळी, आणि अशाच वेळी, सभापतीला एक मत असतं, म्हणून सगळे वर माझ्याकडे बघायला लागले. सचिवांनी जुन्या निर्णयांचं पुस्तक माझ्यापुढे उघडून ठेवलं, त्याची गरज नव्हती. सभागृहाला जे बहुमत जमवता आलं नाही, ते सभापतीने आपल्या एका मताने तयार करायचं नाही, हा आमच्याकडचा जुना पायंडा आहे. समसमान मतं पडली की आहे तोच कायदा राहतो. आज मी वडिलांसाठी मत दिलं, तर उद्या कुणी मेहुण्यासाठी देईल, आणि मग त्या खुर्चीचा निवाडा कोण मानेल? मी 'नाही' म्हणालो. प्रेक्षक सज्ज्यातून तू उठून गेलीस. मला तुझी पाठ तेवढी दिसली. त्यानंतर लगेच मला दीपगृहांच्या शुल्काचा विषय पुकारायचा होता, तो मी पुकारला. आवाज स्थिर होता म्हणतात. धाकटे, माफी मागायला मी हे लिहीत नाही. तशीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

घरी आलो तर आईने टीव्हीवर सगळं पाहिलेलं. ती एवढंच म्हणाली, 'त्यांना झोप येत होती तरी मालकाने गाडी काढायला लावली. तुला तर कुणी लावलं नव्हतं.' वहिनीने ताट वाढलं आणि मी जेवलो. तेव्हापासून परवापर्यंत या घरात त्या विषयाला कुणी हात लावला नव्हता.

आता खरी बातमी. तुमचे अध्यक्ष, ज्यांना आपण सगळे मास्तर म्हणतो ते, दर आठवड्याला माझ्याकडे चहाला येतात. कुठलं काम कुठल्या सभागृहात कधी घ्यायचं, ते आम्ही दोघं मिळून ठरवतो. त्यांची नजर फार अधू झाली आहे. समोरच्या बाकावर कोण उभं राहिलं तेही दिसत नाही, आवाजावरून ओळखतात. ते पद सोडताहेत, आणि सगळ्या पक्षांनी मिळून त्या जागेसाठी तुझं नाव सुचवलं आहे, असं त्यांनी सांगितलं. 'दोन्हीकडच्या बाकांचं ऐकून घेणारं तिच्यासारखं दुसरं माणूस नाही,' म्हणाले. आणि तू नकार दिलास. कारण विचारलं तेव्हा म्हणालीस, 'खुर्चीत बसलं की तोंड शिवलं जातं. दादाचं काय झालं ते पाहिलंय मी. माझ्या विधेयकावर मग बोलणार कोण?' मास्तर हे हसत सांगत होते. माझ्याकडे पाहून मधेच थांबले.

तुझं म्हणणं बरोबर आहे. दोन सभागृहांचं एकमत झालं नाही की घटनेप्रमाणे संयुक्त बैठक भरते, तुमच्याच दालनात, आणि तिचं अध्यक्षपद तुमच्या अध्यक्षाकडे. म्हणजे पुढच्या अधिवेशनात तुझं विधेयक येईल तेव्हा तूच सगळ्यांच्या वर, आणि तूच मुकी. मी हे आईला सांगितलं. ती वहिनीबरोबर कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, 'मग तू ऊठ ना खुर्चीवरून.' जणू मी तिच्या धुतलेल्या साडीवर बसलो होतो.

म्हणून आज सकाळी मी सभापतिपदाचा राजीनामा उपसभापतींच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि माझी तब्येत विचारली. तब्येत उत्तम आहे. सदस्य म्हणून माझी मुदत अजून बाकी आहे. पक्ष नाही, त्यामुळे प्रतोदही नाही. मला तिसऱ्या रांगेत, खांबाआड जागा मिळाली आहे. खुर्चीवर असेपर्यंत या विधेयकाबद्दल तुझ्याशी किंवा कुणाशीही बोलायची मला चोरी होती, ती आज सकाळीच संपली. सगळ्यात आधी बियाणेवाल्याला जाऊन भेटलो. लहान प्रांतांत चालकांसाठी विश्रांतीच्या जागा केंद्राच्या खर्चाने बांधायच्या, असं एक कलम आम्ही दोघं मिळून लिहितो आहोत. तो आपल्या बाजूला येईल बहुधा, आणि त्याच्यामागे आणखी दोघं-तिघं. संयुक्त बैठकीत बोलण्यासाठी मी नाव देणार आहे. तिथे मला इतरांसारखं एक मत असेल, आणि बाबांचं काय झालं ते सांगायला इतरांइतकाच वेळ. तेव्हा तू मास्तरांना होकार कळव. बोलायची पाळी आली की माझं नाव पुकार, दादा म्हणू नकोस. आणि वेळ संपली की मला खाली बसव. तेव्हा बाबांचं नाव माझ्या तोंडात असलं, तरीही बसव.

तुझाच,
आता कुणाचाही सभापती नसलेला
दादा