तिसरा

मुरारीदादा,

नमस्कार लिहायला हात धजत नाय. टॅक्सीचा पुरा विमा मला परवडत नव्हता. तू मुंबईत विम्याचा एजंट, सख्खा भाऊ. म्हणालास, "थर्ड पार्टी घे, स्वस्त हाय. पयला तू, दुसरी कंपनी, तिसरी तुझी गाडी." मी डोळे मिटून सही केली.

परवा कशेडी घाटात दरडीखाली गाडीचा चेंदामेंदा झाला. महाडचे वकील कागद वाचून म्हणाले, "तिसरा म्हणजे परका माणूस. त्याला लागलं तर भरपाई. तुझ्या गाडीला काही नाही."

तुला ट्रंक कॉल लावला, तर हसलास. "खरं सांगितलं असतं तर घेतला असतास काय?"

हे पत्र टाकत नाय. परक्याला घरातलं काय लिहायचं?

तुझा तिसरा,
भागोजी, पोलादपूर