पंखा उभा होता

बाबा, तीन रोज झाले, मले झोप नाई. डोळा लागला का नागपूरच्या गॅरेजमंदी भाऊ एखाद्या नव्या गाडीत वाकून हात घालताना दिसते. त्याले तुमीच शिकवलं, मलेही तुमीच. तुमाले जाऊन नऊ वर्सं झाले, तरी तुमालेच लिवून राहिली, दुसऱ्या कोणाले हे सांगता येत नाई.

साकोलीच्या रोडावरचं तुमचं गॅरेज म्हणजे टिनाचं छप्पर अन् चिचेचं झाड. आई मले डबा घेऊन पाठवे अन् तुमी तिथंच बसवून ठेवत. एक डाव मीनं जीपच्या पंख्याजवळ बोट नेलं तं तुमी असा हात मारला का कान वाजून राहिला होता. मंग घासलेटनं हात धुतले, मले मांडीवर घेतलं अन् सांगतलं का इंजिन फिरलं का पट्टा फिरते, पट्टा फिरला का पंखा. इंजिन बंद म्हणजे पंखा मेला. तवापासून तुमची रीतच झाली. एकानं पंखा पाहाचा, फिरत नसन तं मोठ्यानं "उभा हाय" म्हणाचं, मंगच दुसऱ्यानं हात घालाचा. मी म्हणो, तुमी हात घालत. पुढं भाऊ म्हणे. तुमचं एक बोटही कधी गेलं नाई.

तुमच्या जावयाले तुमी पाह्यलं नाई. हे मोहाडीच्या राईस मिलच्या शेठची गाडी चालवतात. शेठनं औंदा नवी लहानशी गाडी घेतली. सोमवारी शेठले साकोलीले सोडून हे मले अन् लेकराले घेऊन परत येत होते. रोडावर लोकं धान चुरून राहिले होते, जिकडं तिकडं धानाचं वाळलं तणस. थोडं पुढं आलो तं जळल्याचा वास येते. याईनं गाडी झाडाखाली घेतली, चाबी खिशात टाकली, बॉनेट उघडलं. खालून तणस चढून पंख्यात अडकलं होतं. हे मले हासून म्हणतात, "मेकॅनिकची पोरगी ना तू? पाह्य बरं." लेकरू कडेवर, मी वाकून पाह्यलं. एक पातं हालत नव्हतं. मी म्हटलं, "उभा हाय."

याईनं दोन मुठी तणस काढलं. तिसऱ्या वक्ती हात घातला अन् पंखा आपोआप सुरू झाला.

गाडी नेवाले आलेल्या मेकॅनिकनं मंग मले समजावलं. या पंख्याले पट्टाच नाई म्हणे, त्याची मोटर येगळी, बॅटरीवर चालते. रेडिएटरमंदी एक बटण हाय, ते पाण्याची गरमी पाहते. इंजिन बंद केलं का पाणी फिरणं थांबते, अन् उभं पाणी इंजिनच्या आचेनं आणखीच तापते. तवा ते बटण पंखा लावते, थंड झालं का बंद करते. "चाबीचं काही काम नाई, बाई. हात घालाचा तं पयले बॅटरीची वायर सोडाची." असं सांगता सांगता तो कपड्यानं पातं पुसून राहिला होता.

याईच्या उजव्या हाताचे दोन बोटं गेले, बाबा. आता भंडाऱ्याच्या दवाखान्यात हाय आमी. शेठले याईनं सोताचीच चूक म्हणून सांगतलं. मले रागावले नाई, एकच बोलले, "तू खोटं नाई बोलली. उभाच होता." शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

भावाच्या गॅरेजमंदी आता असल्याच गाड्या येतात, दिवाळीत मोठ्या खुशीनं सांगत होता. तिथंही कोणी त्याले "उभा हाय" म्हणत असन, अन् तो हात घालत असन. त्याले वायरचं माहीत असन का? मले नाई वाटत, तुमची रीत तो सोडणारा नोहे.

दवाखान्यासमोरच्या दुकानात फोन हाय. दोनदा गेली, बिस्किटाचा पुडा घेऊन वापस आली. फोनवर तो पयले हेच इचारन का पाहत कोण होतं. त्याले काय सांगू?

तुमच्यापर्यंत हा कागद येत नाई, मले समजते. तिसऱ्या डाव जाऊन दुकानातल्या फोनखाली ठेवून देईन. ज्याच्या हाती लागन त्यानं माह्या भावाले फोन लावा, नंबर मागं लिवला हाय. बॅटरीची वायर पयले सोड, एवढंच सांगा. मी सांगतलं म्हणून नोका सांगू.