अंगावरचं दूध

बुधवार, १४ तारीख

प्रिय धाकटे,

तुला आशीर्वाद, गुंड्याला पापा. तुझं पत्र पोचलं. त्याचा पुढचा दात पडल्याचं वाचून माझी चिंगी दिवसभर आरशापुढे आपले दात हलवून बघत होती. माझं शिवणकाम चालू आहे. शाळा उघडायच्या आत चाळीस गणवेश द्यायचेत आणि निम्म्यांची काजं-बटणं राहिलीत.

चिंगीच्या डोक्यातली खपली काही जात नाही. कानामागे, नाकपुड्यांशी सारखं चिघळतं. औषध चालू असेतो बरं, थांबवलं की पहिले पाढे पंचावन्न. आता नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा साधा इसब दिसत नाही, एखाद्या विषाणूमुळेही असेल. तिचं रक्त घेतलं, मग माझंही. दुखणं तिचं आणि सुई मला का, असं म्हणून मी हसले. त्या हसल्या नाहीत.

सोमवारी रिपोर्ट आले. दोघींच्याही रक्तात तो विषाणू निघाला. आईच्या दुधातून तो बाळात जातो, आणि त्याला घालवणारं औषध नाही. पुष्कळांना जन्मभर काही होत नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "आणखी कुणाच्या बाळाला अंगावर पाजलंय का?"

मी नाही म्हटलं.

धाकटे, तू कावीळ होऊन दवाखान्यात होतीस तेव्हा दीड महिन्याचा गुंड्या माझ्याकडे होता. बाटलीच द्यायची, असं तू मला बजावलं होतंस. त्याने ती तोंडात धरली नाही. रडून रडून त्याचा आवाज बसला, आणि चिंगी अंगावर पीत असल्याने मला तर दूध येतच होतं. दोन महिने मी त्याला पाजलं. घरी आल्यावर त्याचे गाल बघून तू म्हणालीस, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते उगाच नाही." तेव्हाच सांगायला हवं होतं. मला ते कौतुक सोडवलं नाही.

तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, त्याच्या कानामागे उष्णतेचं काहीतरी उठलंय म्हणून. काल मी तुला फोन लावला, तुझं "बोल गं ताई" ऐकलं आणि गणवेशांचं काहीबाही बोलून ठेवून दिला. मला फार भीती वाटते गं, त्याची आणि तुझीही.

उद्या जाऊन बाईंना खरं सांगते. हे वाचलंस की फोन कर. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. फोन नुसता वाजला तरी मी त्याच्या रक्ततपासणीचा नंबर लावीन.

तुझ्या लेकाला पाजलेली,
तुझी ताई