पडलेल्याला कसं मारायचं?

रविवार, संध्याकाळ

आज वारज्याला राहणारी नात धावतच आली, तिची आई मागून धापा टाकत. एरवी पोरगी मोबाइलमधून मान वर काढत नाही. आज मामाचा लहानपणचा मारामारीचा व्हिडिओ गेम माळ्यावरून काढून टीव्हीला जोडला आणि मलाच खेळायला बसवलं. अंगठा अजून ठणकतोय. तिचा पैलवान पडला की मी थांबायचे, उठू दे बिचाऱ्याला. तो उठायचा आणि मलाच लोळवायचा. "अगं आजी, मार ना!" पाचही वेळा हरले. दमले बाई, पण दोघी किती हसलो! अंगठा शेकायला हवा. निघताना म्हणाली, "पडलेल्याला मारायला शिकेपर्यंत मी येत राहणार."

मग मी कशाला शिकतेय? गुरुवारी येते म्हणालीय.