अर्धी साक्ष

प्रिय बाबू प्रफुल,

प्रभूच्या नावात तुले आणि खुशबूले सलाम. पत्र पाहून घाबरू नको, इथी सगळे जिते आहो. फोन काऊन नाई केला म्हणशील. अरे, मी प्रार्थनेचं नाव काढलं का तू फोन ठेवतोस, अन् आज मले मध्येच तोडलेलं चालणार नाई. कागद फेकलास तरी खुशबू उचलून वाचते, मी तिले चांगली ओळखते!

बाबा गेल्यापासून तू घरची पायरी चढला नाई. वर्ष होत आलं. आता खुशबूले सातवा लागला, म्हणून तू मले बल्लारपूरले बोलावून राह्यला, पण एकाच बोलीवर, का मी चर्च आणि त्या पास्टरले कायमचं सोडून यावं. बाबू, नातवाची मले किती हौस आहे, हे का लिहून सांगू? दोन गोधड्या शिवून झाल्या, तिसरी शिवून राह्यली. खुशबूले सांग, जड बादली उचलू नको, अन् आंबट खावं वाटलं तर खाऊ दे, कोनाचं ऐकू नको म्हणाव.

इथचं वर्ष कसं गेलं ते तू कधी विचारलं नाई, तरी सांगते. बाबांच्या मातीनंतर महिनाभरात तुही आजी बायनाबाई खाटेले खिळली. श्रावणात मागची भिंत बसली. भिंत कमी होती म्हणून का काय, मले मलेरियानं धरलं. इकडे म्हातारी पाणी मागे, तिकडे मी थंडीनं थरथर कापत पडलेली. त्या दिवशी मी देवाले सरळ म्हटलं का बाप्पा, माह्यानं होत नाई, आता तू पाहून घे. अन् खरं सांगते, मले झोप लागली. उठली तवा चर्चच्या मंडळीतल्या दोन बाया चुलीपाशी बसल्या होत्या, एक आजीले पेज पाजून राह्यली होती. पुढच्या आठवड्यात मंडळीनं भिंत उभी केली. चिखल तुडवाले पास्टर गुणवंतराव स्वतः उतरले होते, सत्तरीचा माणूस, धोतर खोचून. नाव वाचून तुह्या कपाळावर आठी आली असन. येऊ दे.

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची रीत आहे, तू लहानपणी पाहिली आहेस. उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. नाताळाच्या आधी मी ही सगळी साक्ष दिली. बाया पदर तोंडाले लावून रडल्या. मग धानोऱ्याच्या मंडळीनं बोलावलं, तिथीही दिली. मोठ्या विश्वासाची बाई म्हणून मंगलीबाईचं नाव झालं! मी सांगतलं त्यातलं एकही अक्षर खोटं नाई. देवानं मले खरंच उभं ठेवलं. पण ती साक्ष अर्धी होती, अन् मी बोलून राह्यली का पास्टर खाली मान घालून बसत.

आता तुले जे माहीत आहे ते असं, का ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी पोरायच्या हातात शिंदीच्या झावळ्या पाहिजे म्हणून पास्टरनं तुह्या बाबांले जंगलात धाडलं, अन् वाघानं त्यायले नेलं. मातीच्या दिवशी तू मले विचारलं, बाबांले कोनं धाडलं? मी एवढंच म्हटलं का चर्चच्या कामाले गेले. तू उठला अन् सगळ्या गावासमोर पास्टरच्या तोंडात मारली. त्यायनं माह्याकडे एकदा पाहिलं, काई बोलले नाई. मागून मले म्हणाले, पोराचा बाप गेला बाई, त्याले आई तरी राहू द्या.

बाबू, पास्टरनं धाडलं नाई. आदल्याच दिवशी ते आपल्या दारात येऊन सांगून गेले होते का वनरक्षकानं वाघ फिरून राह्यला म्हटलं, जंगलात कोनी जाऊ नका, औंदा अंगणातल्या कडुलिंबाच्या डहाळ्या धरू, देवाले चालते. देवाले चाललं असतं, मले नाई चाललं. त्याच्या आदल्या साली धानोऱ्याच्या बाया आपल्या मंडळीच्या पोरायच्या हातातल्या डहाळ्या पाहून हसल्या होत्या, ते माह्या काळजात रुतून बसलं होतं. तुहे बाबा नाई नाई म्हणत होते. मीच कोयता हातात दिला. मी म्हटलं, देवाच्या कामाले जाऊन राह्यले, तर देव सांभाळत नाई का, एवढाही भरवसा नाई तुमचा? ते माह्याकडे पाहून हसले अन् गेले. मी माह्या तोऱ्याले भरवसा म्हटलं, बाबू. देवाचं नाव घेऊन मी त्यायले धाडलं.

येत्या झावळ्यांच्या रविवारी मी मंडळीसमोर पूर्ण साक्ष देणार आहे. पण त्याच्या आधी तुले कळाले पाहिजे, म्हणून हे पत्र. हे वाचून तू माह्याशी बोलणार नाई, नातवाचं तोंड दाखवणार नाई, याच भेवानं मी वर्षभर एका म्हाताऱ्याले माह्या वाटचा मार खाऊ दिला. भेव आजही आहे. पण ज्या देवानं मले तापातून उठवलं, तो तू तोंड फिरवल्यावरही मले सोडणार नाई, हे मले पक्कं ठाऊक आहे, म्हणून लिहून राह्यली. मले माफ कर. होत नसन तर राहू दे, मी वाट पाहीन. मले भेटाले नाई आला तरी चालते, पण गुणवंतरावांले भेटून जा. ते थकले आता, अन् त्यायचा काईच गुन्हा नाई.

कायमची तुहीच,
आई