अण्णा, गाडी चालू करू नकोस

अण्णा,

सवयीनं गाडी चालू करायला जाऊ नकोस. इंजिनचं हेड उतरवून पाहिलं आणि नुसतं वर ठेवलंय, बोल्ट कसलेले नाहीत. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं झालंय, म्हणजे पाणी आत शिरतंय. गॅस्केट शाबूत आहे, चीर खाली ब्लॉकलाच गेलीय. वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण नंदी डोंगराच्या चढावर ती पुन्हा उघडेल आणि तू सवाऱ्यांसकट रस्त्यात बसशील. जुना ब्लॉक बघायला मी गुजरीत, भंगारबाजारात चाललोय. तो मिळेपर्यंत टॅक्सी बंद.

माझ्या हातानं काम बिघडलं असं समजून तू आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीस. मलाही आता भांडायचा कंटाळा आलाय, म्हणून लिहून ठेवतो. आयुधपूजेला तू स्टेशनवरून आलास तेव्हा इंजिन तापलेलं होतं. बॉनेट उघडून तू हार आणायला गेलास, मी अंघोळीला. पूजेआधी सगळं स्वच्छ हवं म्हणून आईनं विहिरीच्या गार पाण्याची घागर इंजिनावर ओतली. माझ्या मथुरानं ते पाहिलं आणि मला सांगितलं. चीर तेव्हाच गेली असणार.

आईला यातलं काही ठाऊक नाही. गाडीवरून ओवाळून फोडायचा दृष्टीचा कोहळा लहान आणला म्हणून असं झालं, असं ती शेजारी सांगत असते. तिला कळू देऊ नकोस. विचारलंच तर नागोजीनं काम बिघडवलं म्हण, आणि तिच्यासमोर मला चार शिव्या घाल. जरा मोठ्यानं घाल, हल्ली तिला स्वल्प कमी ऐकू येतं.

नागोजी