सहाशे वसंतांची गादी

३ मार्च, सोमवार

आज मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, जर्मन कोणाला येतं? मॅडम म्हणजे आमच्या गाद्यांच्या फॅक्टरीच्या मालकीण. एरवी त्या विचारतात, कालचा माल अजून इथेच का पडलाय, आणि मी डिस्पॅच क्लार्क असल्यामुळे खाली बघतो. आज वर बघितलं. हातही वर गेला.

बावीस वर्षांपूर्वी दोन महिन्यांचा जर्मनचा कोर्स केला होता. सर्टिफिकेट आहे. त्यावर फक्त 'उपस्थित होते' एवढंच लिहिलंय, पण उपस्थित राहिल्याशिवाय ज्ञान येणार कुठून?

प्रकरण असं: जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमाला आमच्या स्प्रिंगच्या दोनशे गाद्या हव्यात. सोबत बारा पानी माहितीपुस्तिका आणि प्रत्येक गादीवर लेबल, दोन्ही जर्मनमध्ये. मॅडम काम एजन्सीला देणार होत्या. मी म्हणालो, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, कळसा कामाला लागू दे.

एक्स्पोर्ट मॅनेजरची केबिन सहा महिने रिकामी आहे. खिडकीवाली. बोलता बोलता मॅडमनी तिकडे पाहिलं. किंवा घड्याळाकडे पाहिलं असेल. दोन्ही एकाच बाजूला आहेत.

मीटिंगनंतर फोरमननी जिन्यात गाठलं. म्हणाले, दुसरी शिफ्ट हल्ली आठवड्यातून तीनच दिवस चालते. ही ऑर्डर हातची गेली तर तीही बंद. चाळीस माणसं आहेत, नीट करा. मी म्हणालो, निश्चिंत राहा. ते राहिलेले दिसले नाहीत.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून वीस जर्मन शब्द पाठ.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ७.२०

पाचला उठलो नाही. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये.

माळ्यावरून जुनी डिक्शनरी काढली. डब्ल्यूपासून पुढची पानं नाहीत. बायको म्हणाली, आणि डब्ल्यूचा शब्द आला तर? मी म्हणालो, टाळता येतो. भाषेवर पकड असली की शब्द टाळता येतात.

५ मार्च, बुधवार

इंग्रजी पुस्तिका शेवटपर्यंत वाचली. अभ्यासाची पद्धत म्हणून आधी मोजणी केली. 'स्प्रिंग' हा शब्द चौऱ्याण्णव वेळा आलाय. म्हणजे हा एक शब्द बरोबर बसला की चौऱ्याण्णव अडचणी संपल्या. असा हिशेब एजन्सीवाल्यांना सुचला नसता.

वीस शब्द पाठ करायचा संकल्प त्यामुळे अनावश्यक. एकच शब्द करायचा.

६ मार्च, गुरुवार

सोपं नाही. इंग्रजीवाल्यांनी एका स्प्रिंगमध्ये चार-चार गोष्टी कोंबल्यात आणि जर्मनांनी प्रत्येकीला वेगळी खोली दिलीय. डिक्शनरीत चार शब्द सापडले.

क्वेले: म्हणजे झरा. गादीत झरा म्हटलं तर वृद्धाश्रमात गैरसमज होईल. बाद.

श्प्रुंग: कानाला जवळचा वाटला. पण अर्थ उडी, आणि दुसरा अर्थ भेग. म्हातारी माणसं झोपणार आहेत. दोन्ही बाद.

फेडर: इथे मात्र मी सावध राहिलो म्हणून वाचलो. उलट्या बाजूने तपासलं तर फेडर म्हणजे पक्ष्याचं पीस. आमच्या गादीत एकही पीस नाही. लिहिलं असतं तर फसवणुकीची केस झाली असती. बाद. लाल शाईने बाद.

राहिला फ्र्यूलिंग. डिक्शनरीत पहिला हाच दिलाय. आता डिक्शनरी करणारे काही वेडे नाहीत.

रात्री जेवताना पद्धत समजावून सांगितली. सासूबाई आमच्याकडेच असतात, निवृत्त गणित शिक्षिका. त्या म्हणाल्या, जावईबापू, चुकीची उत्तरं खोडत गेलं की बरोबर उत्तर उरतं हे खरं, पण आधी ते खोडलं नसेल तर. मी नुसता हसलो. गणित वेगळं, भाषा वेगळी.

बायको म्हणाली, फोनमध्ये टाकून बघ की. तिच्या समाधानासाठी टाकलं. फोन म्हणतो, फेडर. म्हणजे फोनलाही स्प्रिंग आणि पीस यांतला फरक कळत नाही, आणि लोक यावर विसंबून राहतात.

७ मार्च, शुक्रवार

फोरमन टेबलाशी आले. म्हणाले, साहेब, आपलं स्प्रिंगचं गुंडाळी मशीन जर्मनीचं आहे, त्याच्या पाटीवर फेडर असं काहीतरी लिहिलंय, ते आपल्याला उपयोगी पडेल का? गेलो, पाहिलं. खरंच लिहिलंय. मी समजावलं की ते मशीन बनवणाऱ्याचं आडनाव आहे. फेडर नावाचे लोक तिकडे खूप असतील. फोरमन थोडा वेळ पाटीकडे आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. बरं, म्हणाले.

माणूस कामाचा आहे, पण भाषेचा पिंड नाही.

८ मार्च, शनिवार

भाषांतर पूर्ण. मन भरून आलं. पुस्तिका उलटून वाचली तेव्हा काही वाक्यांत मूळ इंग्रजीपेक्षा जास्त गोडवा उतरलाय असं वाटलं. 'फ्र्यूलिंग'साठी मराठीत वसंत हा शब्द घेऊन स्वतःलाच वाचून दाखवलं:

आमच्या गादीत सहाशे वसंत आहेत. प्रत्येक वसंत वेगळ्या कापडी पिशवीत शिवलेला आहे. मधले वसंत कडक आणि कडेचे मऊ आहेत. वसंत कुरकुरल्यास तेल घालू नये. वसंत बाहेर आल्यास हाताने आत ढकलू नये, आम्हाला कळवावे.

बायको चहा घेऊन आली होती. कप टेबलावर ठेवून ती बाहेर गेली आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता. हवा बदललीय.

१० मार्च, सोमवार

पुस्तिका ईमेलने जर्मनीला गेली. लेबलंही छापून आली आणि गाद्यांच्या प्लॅस्टिक कव्हरांवर चिकटलीही. मोठ्या अक्षरात, सहाशे फ्र्यूलिंग. मॅडम म्हणाल्या, दिसतंय तर छान. खिडकीवाल्या केबिनमध्ये सहज जाऊन बसलो. खुर्ची उंच आहे, पाय टेकत नाहीत. खाली स्टूल घ्यावं लागेल. नोंद करून ठेवतो.

१२ मार्च, बुधवार

वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंचा ईमेल. मला. जर्मनमध्ये. आता मध्ये कोणी नाही, त्या आणि मी.

मजकूर बराच होता. दोन शब्द स्वच्छ कळले, आनंद आणि आजी-आजोबा. मॅडमना सांगितलं, त्यांना आनंद झालाय. शेवटी एकच प्रश्न होता आणि तो मी शब्दन् शब्द समजलो: तुमच्या गाद्यांमध्ये फेडर आहेत का?

पाहिलं? पिसांचीच भीती. म्हातारपणी पिसांनी शिंका येतात. बरं झालं तो शब्द वापरला नाही. तत्काळ उत्तर दिलं, माझ्याच जर्मनमध्ये: नाही. एकही फेडर नाही. गॅरंटी. फक्त फ्र्यूलिंग.

इतकं ठाम वाक्य आयुष्यात कोणत्याही भाषेत लिहिलं नव्हतं.

१४ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. जर्मन माणूस विचार करून लिहितो.

१७ मार्च, सोमवार

ईमेल मॅडमना आला. इंग्रजीत. आम्ही स्प्रिंगच्या गाद्या मागवल्या होत्या, तुमच्या ऑफिसने गादीत स्प्रिंग नसल्याची लेखी गॅरंटी दिली आहे, सबब ऑर्डर थांबवत आहोत.

मॅडमनी मला बोलावलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं उत्तर त्यांनी छापून टेबलावर ठेवलं होतं. म्हणाल्या, यात काय लिहिलंय ते मला मराठीत सांगा. मी सांगितलं, की पिसं नाहीत. त्या म्हणाल्या, पिसं कोणी विचारली होती?

म्हणालो, डिक्शनरी जुनी आहे.

खाली फोरमन दुसऱ्या शिफ्टची हजेरी घेत होते. बातमी माझ्याआधी तिथे पोचली होती. शिलाई मशीनवरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दोरा तोडला. नेहमीसारखाच तोडला असेल, पण मला तो ऐकू आला.

दुपारचा डबा तसाच परत नेला. घरी सांगितलं, पोट बरं नाही.

१८ मार्च, मंगळवार

मॅडमनी वृद्धाश्रमाच्या बाईंना व्हिडिओ कॉल लावला, इंग्रजीत. मलाही बसवलं. कशाला ते कळलं नाही. पुरावा म्हणून असेल.

बाई साठीच्या. मॅडम समजावत होत्या, बाई प्रत्येक वेळी माझं उत्तर कागदावरून वाचून दाखवत होत्या. त्यांचंही चुकलं नाही, लेखी होतं. दहा मिनिटं तेच चाललं. मग फोरमन दार न वाजवता आत आले. हातात एक स्प्रिंग. इंग्रजी त्यांना येत नाही, जर्मनचा तर प्रश्नच नाही. त्यांनी स्प्रिंग कॅमेऱ्यासमोर धरली, तळहाताने दाबली, सोडली. ती उडून मॅडमच्या पेन-स्टँडमध्ये पडली.

बाई म्हणाल्या, आ, फेडर.

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे वळलो.

मग बाई हसायला लागल्या. हसता हसता सांगितलं की पुस्तिका त्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवली होती. एक्क्याण्णव वर्षांचे एक आजोबा म्हणाले, माझे एक्क्याण्णव झाले, ही गादी अजून सहाशे देत असेल तर मला आजच आणा. आणि वसंत बाहेर आल्यास आत ढकलू नये, हे वाक्य एका आजीबाईंनी कापून आरशाला लावलंय. शेवटी बाई म्हणाल्या, ऑर्डर चालू करा. पण नवी पुस्तिका पाठवा, आणि ती या गृहस्थांची नको.

बाहेर आल्यावर मी फोरमनना म्हणालो, थँक्यू. ते म्हणाले, मी ऑर्डरसाठी आलो होतो. मग चार पावलं गेल्यावर मागे वळून म्हणाले, चालायचंच.

घरी पहिल्यांदाच सगळं जसं झालं तसं सांगितलं. पिसांसकट. ही हसून हसून खुर्चीत बसली. आठ तारखेचा तो खोकला काय होता तेही आता कळलं. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, जावईबापू, मला त्या सहाशेतले दोन-चार मिळाले तरी पुरेत.

त्यांची गादी झटकून दिली.

२० मार्च, गुरुवार

पुस्तिका एजन्सीकडे गेली. दोन दिवसांत करून देणार आहेत. झटपट उरकलेल्या कामात खोली नसते, असं लिहिणार होतो. नाही लिहीत.

नवी लेबलं आली. जुनी लेबलं प्लॅस्टिकवरून निघत नाहीत, म्हणून त्यांच्यावर नवी चिकटवायची. दोनशे. हे काम मॅडमनी मला दिलं. डिस्पॅचमध्येच येतं म्हणाल्या, ते खरं आहे.

खिडकीवाल्या केबिनमध्ये आता फोरमन दर मंगळवारी अर्धा तास बसणार आहेत. बाईंना स्प्रिंगबद्दल बरंच विचारायचंय, आणि त्यांना म्हणे दाखवून सांगणारा माणूस आवडला. मॅडमनी फोरमनचं नाव जर्मनच्या क्लासला घातलंय. सहा महिन्यांचा आहे.

२५ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ५.१०

दुसरी शिफ्ट पूर्ण भरलीय. पॅकिंगच्या टेबलाशी उभं राहायला जागा नाही.

आतापर्यंत एकशे बारा लेबलं चिकटवली. एकशे तेराव्या गादीशी फोरमन थांबले. डोकं तिरकं करून लेबल वाचलं, मग हळूच सांगितलं की ते फेडर नाही, शेवटचा र गिळायचा, फेडा म्हणायचं. क्लासमध्ये शिकवलं काल. आणि लेबल उलटं लागलंय.

सोलून परत लावलं. जाताना म्हणाले, काही अडलं तर मला विचारत जा.

खाली बारीक अक्षरात एक लांबलचक ओळ आहे. डब्ल्यूने सुरू होणारी.

विचारलं.